कटऑफच्या आधीचे पान

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडल्या जातात. पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटर कितव्या पर्सेंटाइलला बंद झाले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला शेवटचा प्रवेश कितीला मिळाला, दुसऱ्या फेरीत आकडा किती खाली आला, हे पालकांना तोंडपाठ असते. हा अभ्यास मन लावून केलेला असतो, त्यात कष्टही असतात. पण तो उशिरा केलेला आणि चुकीच्या कागदावर केलेला असतो. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षीचा पाऊस. किती पडला ते मोजता येते, यंदा किती पडेल हे त्यावरून ठरत नाही. जागा किती, परीक्षा किती जणांनी दिली, कोणती शाखा त्या वर्षी सगळ्यांना हवीशी झाली, यातून तो आकडा घडतो आणि पुढच्या वर्षी नव्याने घडतो. अर्ज आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हे मात्र माहितीपुस्तिकेतले पात्रतेचे पान ठरवते. त्या पानावरचा नियम आधीच लिहिलेला असतो आणि तो कोणालाही वाचता येतो. असे असूनही बहुतेक घरांत ते पान अर्ज भरताना, म्हणजे बदलता येण्यासारखे सगळे हातातून गेल्यावर, उघडले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची वेळ दहावीनंतरची आहे. अकरावीचे विषय, कॉलेजचे गाव आणि अभ्यासाचा रोख ठरण्याआधी हे वाचन व्हायला हवे. बारावीनंतर या नियमांचा उपयोग फक्त निकाल समजून घेण्यापुरता उरतो.

अटी म्हटले की डोळ्यांसमोर टक्केवारी येते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय सक्तीचे, त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा ठरवून दिलेल्या विषयांपैकी एक, आणि या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के गुण. राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. हा उंबरठा इतका खाली आहे की ‘बारावीचे मार्क कोण बघतो, सीईटी महत्त्वाची’ हे वाक्य क्लासपासून घरापर्यंत रूढ झाले. राज्याच्या सीईटीपुरते ते जवळपास खरेही आहे. आयआयटी आणि एनआयटी यांच्या दारात मात्र ते लागू पडत नाही. जेईई मेन द्यायला बारावीच्या टक्क्यांची अट नाही. प्रवेश घेताना मात्र ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा मग विद्यार्थी आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवा. करोनाच्या काळात ही अट शिथिल होती. २०२३मध्ये ती परतली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तरी अट कायम राहिली. मधल्या काळात ‘बोर्ड आता सोडून दिले तरी चालते’ हा समज घट्ट झाला होता, आणि ज्यांनी तो धरून दोन वर्षे काढली त्यांना नियम परतल्यावर मागे फिरायला वेळ नव्हता.

टक्केवारीच्या आकड्यापेक्षाही फसवी असते ती काढण्याची रीत. आयआयटीच्या प्रवेशात ७५ टक्के मोजताना पाच विषय धरतात: भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी एक. बिट्स पिलानीचे एक संकुल गोव्यात आहे आणि कोकण-कोल्हापूरकडच्या मुलांना ते घराजवळचे वाटते. तिथे भौतिक, रसायन, गणित या तिघांचीच सरासरी ७५ हवी आणि शिवाय प्रत्येकात किमान ६० हवेत. आता समजा एखाद्या मुलीला भौतिकात ५८, रसायनात ७६, गणितात ९२, इंग्रजीत ७० आणि जीवशास्त्रात ८४ गुण आहेत. पाच विषयांचे ३८० होतात, म्हणजे ७६ टक्के. आयआयटीचा उंबरठा ती ओलांडते. तीन विषयांची सरासरीही ७५च्या वर जाते. तरीही भौतिकातल्या दोन गुणांनी बिट्सचे दार बंद होते, मग बिटसॅटमध्ये तिने कितीही गुण मिळवलेले असोत. दुसऱ्या एका मुलाला भौतिक, रसायन, गणितात ७८, ७६ आणि ७५, इंग्रजीत ५५ आणि पाचव्या विषयात ७० आहेत असे धरा. बिट्ससाठी तो पात्र आहे. पाच विषयांची बेरीज मात्र ३५४ होते, ७१ टक्क्यांनाही पोचत नाही, आणि जेईईत उत्तम क्रमांक आला तरी वरच्या २० पर्सेंटाइलचा आधार सापडला तरच त्याला पुढे जाता येते. त्याला अडवणारा विषय इंग्रजी आहे, आणि विज्ञान शाखेत दोन वर्षे सर्वांत कमी वेळ मिळतो तो इंग्रजीलाच. या दोघांनाही नियम अकरावीत ठाऊक असते तर एकीने भौतिकाकडे आणि दुसऱ्याने इंग्रजीकडे रोजचा थोडा वेळ वळवला असता. अटींची तुलना कशासाठी करायची, याचे इतके साधे उत्तर दुसरे नाही.

विषयांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण गुण वाढवता येतात, सोडलेला विषय सहसा परत धरता येत नाही. राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजांत विज्ञान शाखेला कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय मिळतो, आणि गुण चांगले पडतात म्हणून त्याला मागणी असते. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, बाजूला पडतो. अभियांत्रिकीच ठरलेली असेल तर यात गैर काही नाही, बी.फार्मसीलाही भौतिक आणि रसायनाबरोबर गणित चालते. पण वैद्यकीय शिक्षणाची नीट जीवशास्त्राशिवाय देता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३च्या अखेरीस बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देण्याची वाट मोकळी केली, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण ती वाट एक वर्ष खाते. आणि नीट म्हणजे केवळ एमबीबीएस असे समजणेही अपुरे आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम नीटच्या गुणांवर भरतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतली कृषी पदवी राज्याच्या सीईटीवर भरते. गावाकडच्या मुलाच्या मनात ‘शेती नाहीतर जनावरांचा डॉक्टर’ अशी एकत्र जोडी असते. नियमांच्या लेखी त्या दोन निराळ्या परीक्षा आहेत, दोन निराळे अभ्यास आहेत.

गणित सोडणाऱ्यांचे नुकसान सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. वाणिज्य शाखेत गणित की सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, हा प्रश्न काउंटरवर विचारला जातो आणि मुले-मुली सोपा म्हणून दुसरा पर्याय घेतात. बी.कॉम.ला त्याने अडत नाही. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे तर सीयूईटीत गणित द्यावे लागते, आणि सीयूईटीत दिलेला विषय बारावीलाही असावा अशी त्या विद्यापीठाची अट आहे. म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेण्याच्या त्या क्षणी एक नामांकित अभ्यासक्रम मागे पडतो, आणि ते सांगणारे तिथे कोणी नसते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे उदाहरण याच्या उलट आहे. तिच्या बी.स्टॅट.साठी बारावीला गणित आणि इंग्रजी लागते, भौतिक आणि रसायन लागत नाही. गणितात तल्लख असलेल्या कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीला हे दार उघडे आहे, पण विज्ञान घेतले नाही म्हणजे असल्या संस्था आपल्यासाठी नाहीत असे तिला वाटत राहते. अटी वाचल्याने दारे बंद दिसतात तशी न दिसलेली दारे उघडीही दिसतात, आणि मला तर हा दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो.

पात्रता आहे म्हणजे तयारीही तेवढीच पुरेल, असेही नसते. खडकवासल्याच्या एनडीएत लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलाला भौतिक, रसायन, गणित हवे. २०२२पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळतो आहे. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत आणि त्यातून कला शाखेच्या उमेदवाराला सूट नाही. पुण्यासह देशभरातल्या आयसरांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारांपैकी तीन विषय बारावीला असले की बसता येते. प्रश्नपत्रिकेत मात्र चौघांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात. पात्रतेचे पान वाचून थांबलेला माणूस इथे फसतो. म्हणून पात्रता आणि निवडीची रीत हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात. पहिला रकाना अर्जाचा हक्क सांगतो, दुसरा त्या हक्काचे पुढे काय होईल ते.

आता तिसरा रकाना, ज्याकडे पालकांचे लक्ष सर्वांत कमी जाते: बारावी कुठे केली. नागपूर किंवा जळगावचा मुलगा दहावीनंतर कोट्याला जातो आणि तिथल्याच शाळेतून बारावी होतो. घर महाराष्ट्रात, आई-वडील महाराष्ट्रात, अधिवासाचा दाखला महाराष्ट्राचा. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात तो महाराष्ट्राचा उमेदवार ठरू शकतो, कारण दहावी-बारावी राज्यात न झालेल्यांसाठीही, स्वतःचा किंवा आई-वडिलांचा अधिवास असेल तर, नियमांत स्वतंत्र प्रकार आहे. वैद्यकीयच्या राज्य कोट्यात तोच मुलगा बसत नाही. तिथे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे लागते. सरकारी बदल्यांसारख्या कारणांसाठी ठरावीक अपवाद आहेत, क्लाससाठी बाहेर जाणे त्यांत येत नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि राज्य ठरते बारावी जिथून केली त्यावरून. म्हणजे नागपूरच्या घरापासून काही मैलांवर असलेल्या व्हीएनआयटीत हा मुलगा परराज्यातला आणि जयपूरच्या एनआयटीत स्थानिक. एकाच मुलाला तीन नियम तीन ठिकाणचा रहिवासी ठरवतात, आणि तिन्ही आपापल्या जागी सुसंगत आहेत. अधिवासाचा दाखला काढून ठेवला म्हणजे झाले, असे मानणाऱ्या घरांनी कोट्याची फी भरण्याआधी एवढा परिच्छेद वाचायला हवा. राज्याच्या अभियांत्रिकी नियमांत याच्या दुसऱ्या टोकाची तरतूदही आहे: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथे शिकलेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी एक स्वतंत्र प्रकार. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांचे नाव राजकारणात सतत घेतले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी नियमांतली ही ओळ कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगाची आहे.

प्रवर्गाचेही तसेच. २०२४च्या कायद्याने मराठा समाजाला राज्यात सामाजिक आणि शैक्षणिक मागास म्हणून १० टक्के आरक्षण मिळाले, पण केंद्राच्या ओबीसी यादीत तो प्रवर्ग नाही. राज्याच्या प्रवेशात एसईबीसी असलेला विद्यार्थी आयआयटी-एनआयटीच्या अर्जात खुल्या गटात येतो किंवा निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. ते निकष म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू ६ एकरांचे उत्पन्न केवढे असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ईडब्ल्यूएसच्या नियमाला एकर दिसतात, पाणी दिसत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. तो बदलेपर्यंत मात्र त्याच्यासकट अर्ज भरावा लागणार. ओबीसी विद्यार्थ्याला राज्यासाठी एक नॉन-क्रीमीलेअर आणि केंद्रासाठी केंद्राच्या नमुन्यातले, चालू वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेले दुसरे, अशी दोन प्रमाणपत्रे लागतात. राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता लागते आणि ती मिळवायला महिने जातात. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असेल तरच. ‘मॅनेजमेंटमधून घेऊन टाकू’ म्हणणाऱ्या बापाला मुलीची चार वर्षांची फी त्या एका वाक्याने परत अंगावर येते, हे आधी कळायला हवे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नियम दरवर्षी बदलतात, मग दोन वर्षे आधी वाचून काय मिळणार? उदाहरणही हाताशी आहे. बीबीए, बीसीए, बीएमएससारखे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि २०२४मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यासाठी अचानक सीईटी आली. परीक्षा देणाऱ्यांची संख्या उपलब्ध जागांच्या निम्म्याहूनही कमी भरली, ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली, आणि काही कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून वाट काढली. त्या वर्षीच्या मुलांचा यात दोष नव्हता. पण या उदाहरणातून जो धडा काढला जातो तो मला मान्य नाही. तिथे परीक्षा बदलली. बारावीला कोणते विषय हवेत, हे त्यात बदलले नाही. नियमांचा गाभा सावकाश हलतो: अभियांत्रिकीला गणित, वैद्यकाला जीवशास्त्र, औषधनिर्माणाला रसायन हे वर्षानुवर्षे तसेच आहे. एआयसीटीईने २०२१मध्ये विषयांची यादी मोकळी केली तेव्हा ‘भौतिक-गणिताशिवाय इंजिनिअर’ असा गदारोळ उठला, पण महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत ते दोन विषय सक्तीचेच राहिले. दरवर्षी बदलतात त्या तारखा, फेऱ्या, कागदपत्रांचे नमुने. गाभा दहावीनंतर वाचायचा आणि वरचा थर दर वर्षी पुन्हा, अशी विभागणी केली की आक्षेपातली धार जाते.

दुसरा आक्षेप नव्या धोरणाच्या नावाने येतो. शाखांच्या भिंती पडणार आहेत, यूजीसीने डिसेंबर २०२४च्या मसुद्यात बारावीचे विषय कोणतेही असोत, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कोणत्याही शाखेची पदवी घेता येईल असे मांडले, मग विषयांची एवढी चिंता कशाला? दिशा चांगली आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. पण वैद्यक, औषधनिर्माण, वास्तुकला, कायदा यांच्या अटी त्या त्या परिषदा ठरवतात. आणि जिथे भिंत खरोखर पडते तिथे प्रवेश परीक्षा उभी राहते: गणित न शिकलेल्या मुलाला गणिताची परीक्षा द्यायची मुभा मिळाली म्हणून त्याला गणित येऊ लागत नाही. एनडीए आणि आयसर यांचे नियम आजच तसे आहेत, आणि त्यांचे परिणाम वर पाहिले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुढचे ठरवायला लावणे क्रूर आहे, त्याने शक्य तितकी दारे उघडी ठेवावीत, पीसीएमबी घ्यावे आणि नंतर बघावे. यातली माया मला कळते. पण सगळी दारे उघडी ठेवण्यालाही किंमत असते, आणि ती किती हे अटी वाचल्याशिवाय कळत नाही. चार विषयांचा भार उचलणाऱ्याचे इंग्रजी किंवा भौतिक घसरले तर ७५ची अट कोसळते. ज्या मुलीला पशुवैद्यक नको आहे, वैद्यक नको आहे, तिला जीवशास्त्राची गरज आयसरसारख्या मोजक्या ठिकाणीच पडेल. ते ठिकाण तिला हवे असेल तर तो भार तिने जाणून उचलावा. तुलना केल्याने मुलाला एका वाटेवर ढकलले जात नाही. कोणती वाट कोणत्या विषयावर अवलंबून आहे हे कळल्यावर तो निवड पुढेही ढकलू शकतो, फक्त ती कशाच्या बदल्यात पुढे ढकलली हे त्याला माहीत असते.

क्लासवाले आणि समुपदेशक हे काम करतील असेही म्हटले जाते. काही जण मनापासून करतात. पण जेईईचा क्लास जेईईच्या अटी सांगणार, नीटचा नीटच्या, बी.स्टॅट. किंवा क्लॅटचा फॉर्म कधी निघतो हे सांगण्यात त्यांचे हित नाही. क्लॅट आता डिसेंबरमध्ये होते, म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे फॉर्म बारावीच्या प्रिलिमच्याही आधी भरून संपतात, तर राज्याची पाच वर्षांच्या कायद्याची सीईटी त्यानंतर काही महिन्यांनी येते. शहरातल्या, आई-वडील शिकलेल्या घरात हे कानावर पडते. गडचिरोली किंवा जतच्या ज्युनिअर कॉलेजात ते कोणी सांगितले नाही तर कळत नाही, आणि न कळल्याने हुकलेली संधी कोणत्याही कटऑफच्या यादीत नोंदली जात नाही.

म्हणून हे काम घरांवर सोडून चालणार नाही. २०२५-२६पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला. प्रत्येक विद्यार्थी एकाच संकेतस्थळावर शाखा आणि कॉलेजांचे पसंतीक्रम भरतो. विषय मात्र पुढे कॉलेजच्या काउंटरवर, रांगेत उभे राहून ठरतात. त्याच संकेतस्थळावर, त्याच अर्जात, मराठीतून दोन पानांचा तक्ता देणे शिक्षण विभागाला आणि सीईटी कक्षाला सहज शक्य आहे: हा विषय सोडलात तर हे अभ्यासक्रम बंद होतात, हे उघडे राहतात, या प्रवेशाला टक्केवारी तीन विषयांची, त्या प्रवेशाला पाच, बारावी राज्याबाहेर केली तर वैद्यकीय कोट्याचे असे होते, केंद्राचे प्रमाणपत्र वेगळे आणि ते या तारखेनंतरचे. दर मे महिन्यात तो तक्ता नव्याने तपासून टाकायचा, आणि विषयांची निवड नोंदवताना विद्यार्थी आणि पालक या दोघांनी तो वाचल्याची सही घ्यायची. तोवर ज्युनिअर कॉलेजच्या एखाद्या शिक्षकाने चार माहितीपुस्तिका समोर घेऊन असा तक्ता स्वतः केला आणि अकरावीच्या पहिल्या आठवड्यात फळ्याशेजारी लावला, तरी त्या वर्गापुरते बरेच काही वेळेवर कळेल. विषय बदलून घ्यायची मुदत त्या आठवड्यात अजून संपलेली नसते.